चिरा, स्लॅब की कौलं: उष्णता साठते कुठे आणि रात्री अंगावर का येते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. देवगडच्या बाजूला समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर घर बांधायला घेतलंय, नऊ इंची चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती आणि वर स्लॅब असा प्लॅन आहे. मुंबईच्या भाच्याने नेटवरून विशिष्ट उष्माधारकतेचा तक्ता काढून दाखवला आणि म्हणाला मामा, दगड आणि काँक्रीट उष्णता धरून ठेवतात, एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचे हलके सिमेंटचे ठोकळे) घाला. गवंडी म्हणतो चिऱ्यासारखं थंड घर दुसरं नाही, आमच्या आज्याचं घर बघा. आणि तुम्ही स्वतः तक्ता बघितलात तर लाकडाचा आकडा काँक्रीटच्या दुप्पट आणि लोखंडाचा जवळजवळ सगळ्यात कमी, मग पत्र्याचं छप्पर सगळ्यात बेस्ट म्हणायचं का, असं विचारलंय.

मी राजापूर ते मालवण या पट्ट्यात घरांचीच कामं करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा वाद माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. भाचा आणि गवंडी दोघंही अर्धे बरोबर आहेत. गडबड अशी आहे की दोघंही मटेरियलबद्दल भांडतायत आणि आपल्या किनाऱ्यावर मटेरियलपेक्षा सावली जास्त महत्त्वाची. पण ते पटायला आधी तो तक्ता नीट वाचायला लागेल, म्हणून जरा लांबण लावतो.

विशिष्ट उष्माधारकता म्हणजे एक किलो वस्तू एक डिग्रीने तापवायला किती उष्णता लागते ते. पाण्याला ४.१८ किलोज्यूल. लाकडाला जातीनुसार आणि ओलीनुसार १.६ ते २. हवेला १. ॲल्युमिनियमला ०.९, काँक्रीटला ०.८८, भाजक्या विटेला ०.८४, लोखंडाला ०.४५, तांब्याला ०.३९. चिरा पण त्याच ०.८ ते ०.९ मध्ये बसतो, आणि एएसी ब्लॉक (साइटवर सगळे त्याला सिपोरेक्सच म्हणतात) साधारण १. आता बघा, भाचा जो आकडा दाखवतोय त्यात चिरा, वीट, काँक्रीट, ब्लॉक यांच्यात फरक असा काही नाहीच. दगडमातीच्या घराण्यातलं जवळपास सगळं त्या एकाच्या खाली-वर येतं. म्हणजे या रकान्यावरून भिंतीचं मटेरियल निवडताच येत नाही.

फरक पडतो तो वजनाने. तक्ता किलोमागे आहे आणि आपण घर किलोवर बांधत नाही, जागा भरतो. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो, चांगला टणक चिरा २००० च्या आसपास (खाणीप्रमाणे कमी-जास्त), एएसी ब्लॉक ६०० च्या आसपास. आता गुणा. घनमीटरमागे एका डिग्रीला काँक्रीट २१०० किलोज्यूल घेतं, चिरा १७००, ब्लॉक फक्त ६००. लोखंड, जे तक्त्यात तळाला होतं, ते ३५०० च्या वर जातं कारण त्याचं वजनच तेवढं, आणि जे लाकूड काँक्रीटच्या दुप्पट दिसत होतं ते हजारावर येतं म्हणजे काँक्रीटच्या निम्मं. सगळा क्रमच उलटापालटा. पाणी मात्र दोन्हीकडे सगळ्यांच्या वर, ४१८० ला, त्याच्या जवळ लोखंड-तांब्यासारखे जड धातूच काय ते येतात.

लोखंडाचा आकडा किलोमागे एवढा कमी का हे विचारलं होतंत म्हणून सांगतो, ज्यांना घराशीच मतलब आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. १८१९ मध्ये दुलाँ आणि पेती या दोन फ्रेंच माणसांच्या लक्षात आलं की धातूची विशिष्ट उष्माधारकता त्याच्या अणुभाराने गुणली की उत्तर जवळजवळ सारखंच येतं. करून बघा, लोखंड ०.४५ गुणिले ५५.८, पंचवीस. तांबं ०.३८५ गुणिले ६३.५, साडेचोवीस. ॲल्युमिनियम ०.९ गुणिले २७, चोवीसच्या वर. म्हणजे उष्णता वाटली जाते ती अणूंच्या डोक्यामागे, किलोमागे नाही. जड अणूंचा धातू घेतला की एका किलोत अणूच कमी बसतात, मग किलोमागे आकडा छोटा. लाकूड कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन असल्या हलक्या अणूंचं, त्यामुळे ते वर. पाण्याचं प्रकरण वेगळंच आहे, तिथे रेणू एकमेकांना धरून असतात आणि दिलेल्या उष्णतेतला बराच भाग ती पकड सैल करण्यात जातो. तेच पाणी बर्फ झालं की आकडा निम्म्यावर, २.१ ला येतो.

किलोमागे आणि एकूण यातला फरक स्वयंपाकघरात रोज दिसतो. बिडाचा तवा समजा तीन किलोचा, बिडाचा आकडा ०.४६, म्हणजे एका डिग्रीला १.४ किलोज्यूल. नॉनस्टिकचा ॲल्युमिनियमचा तवा पाऊण किलोच्या वर, आकडा ०.९, म्हणजे ०.७. ॲल्युमिनियमचा आकडा दुप्पट असून तवा निम्मंच साठवतो. आता घावण (तांदळाचं पातळ धिरडं) घाला. पळीभर पातळ पीठ, साठेक ग्रॅम, त्याला शंभर डिग्रीपर्यंत न्यायला १६ किलोज्यूल आणि त्यातलं वीसेक ग्रॅम पाणी वाफ व्हायला अजून ४५, मिळून साठ. गॅस क्षणभर बाजूला ठेवून हिशेब केला तर एवढे साठ काढून घेतल्यावर बिडाचा तवा चाळीस-पंचेचाळीस डिग्री उतरतो आणि नॉनस्टिकचा ऐंशीच्या वर. म्हणून बिडावर घावणाला चटकन जाळी पडते आणि दुसरं घावण लगेच घालता येतं, आणि नॉनस्टिकवर दर वेळी तवा परत तापायची वाट बघावी लागते. वाफेचा वाटा किती मोठा आहे तेवढा लक्षात ठेवा, स्लॅबला पाणी मारण्यापाशी तो परत लागणार आहे.

आता लोखंडाचं गेट दुपारी हाताला चटका देतं आणि शेजारचा लाकडी बाक देत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. हे साठवणुकीचं कमी आणि वाहून नेण्याचं जास्त आहे. दोन्ही समजा ५५ डिग्रीला आहेत. हात लावला की लाकडाचा अगदी वरचा पापुद्रा आपली उष्णता हाताला देतो, थंड होतो आणि मागून रसद येत नाही, कारण लाकडाची उष्णता वाहकता ०.१५. लोखंडाची ५० च्या आसपास, त्यामुळे आतली सगळी उष्णता त्या बोटाखाली धावत येते. म्हणून हात लावून वस्तू किती गरम हे कधी ठरवू नका. पहाटे कोबा गार लागतो आणि पाट उबदार लागतो तेव्हा थर्मामीटर लावलात तर दोन्ही एकाच तापमानाला सापडतील.

तर घराला लागू तीन गोष्टी झाल्या. भिंत एकूण किती उष्णता गिळते, ती किती वेगाने आत सरकते, आणि गिळलेली उष्णता रात्री कुठे टाकते. पहिल्या दोनवर लोक खूप बोलतात, आपल्याकडे घोडं अडतं ते तिसरीवर.

वेगाचं बघू. रोज ऊन येतं आणि जातं, या चोवीस तासांच्या चक्रात चिरा किंवा काँक्रीटमध्ये उष्णतेची लाट पाच-सहा इंच आत जाईपर्यंत तिचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. नऊ इंची चिऱ्याच्या भिंतीतून ती पलीकडे पोचायला साधारण सहा-सात तास लागतात आणि पोचते तेव्हा तिचा पाचवा हिस्सा वगैरे राहिलेला असतो. ऐकायला छान वाटतं. पण पश्चिमेच्या भिंतीवर ऊन कधी असतं, दोन ते सहा. त्यात सहा-सात तास मिळवा, म्हणजे रात्रीचे आठ ते एक. बरोबर जेवून आडवं व्हायच्या वेळेला भिंत आतून गरम. पश्चिमेच्या खोलीत झोपणाऱ्यांनी रात्री दहाला भिंतीला पाठ टेकून बघा, वेगळा पुरावा लागणार नाही.

त्यात आपल्या किनाऱ्याची एक खोड आहे. दुपारभर खारे वारे चांगले असतात, अकरा-बाराला सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत घरातून खेळतात. दिवेलागणीनंतर ते पडतात, आणि मतलई वारे सुटायला रात्र बरीच वर यावी लागते, सुटले तरी एप्रिल-मेमध्ये त्यांना दम नसतो. म्हणजे वारा पडतो नेमका त्याच वेळी भिंत आणि स्लॅब दिवसभराचं आत ओतायला लागतात. घर रात्री का उबतं याचं निम्मं उत्तर या वेळेच्या जुळण्यातच आहे.

स्लॅबचा हिशेब भिंतीपेक्षा वाईट, कारण त्यावर सकाळपासून ऊन. पाच इंची स्लॅब म्हणजे एका चौरस मीटरला ३०० किलो काँक्रीट. दहा बाय दहाच्या खोलीवर सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन टनाच्या वर माल डोक्यावर. तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत नुसता दहा डिग्रीने उतरला तरी जवळपास २४,५०० किलोज्यूल सोडतो. ३६०० किलोज्यूलचं एक युनिट धरलं तर पावणेसात युनिट. हजार वॉटची शेगडी सात तास चालू ठेवल्यासारखं. सगळं खाली येत नाही, बराच भाग वर आकाशात जातो, पण अर्धं आलं तरी झोप उडवायला पुरतं. आणि पंखा तीच छतालगतची गरम हवा खाली ढकलतो, ही तक्रार तर घरोघरची आहे.

मंगलोरी कौलं बघा. चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं, एकेक अडीच किलोच्या आत-बाहेर, मिळून चाळीस किलो. स्लॅबच्या सात-आठव्या हिश्श्याइतकीच उष्णता त्यात मावते. दुपारी कौलं तापतात, नाही असं नाही, पण सूर्य गेल्यावर तासा-दोन तासात मोकळी होतात, फटींतून हवा निघून जाते आणि रात्री त्यांच्याकडे द्यायला काही शिल्लक नसतं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला ती बनवायला सुरुवात केली, पुढे ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली, आणि त्याआधी नळीची कौलं होतीच, त्यांचंही असंच.

पत्रा म्हणजे तर दुसरं टोक. अर्धा मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार किलो, एका डिग्रीला १.८ किलोज्यूल, स्लॅबला २६४ लागतात. ऊन पडल्यावर पाच-दहा मिनिटांत तो तापून बसतो आणि ढग आला की लगेच उतरतो, थंडीच्या पहाटे तर हवेपेक्षाही गार होऊन आतून दव गळायला लागतं. म्हणजे तुमचं लॉजिक चुकलेलं नाही, पत्रा काही साठवत नाही हे खरंच. पण साठवत नाही म्हणजे अडवतही नाही, दुपारी तो साठ डिग्रीला जाऊन खालच्या माणसाला सरळ भाजतो. पत्र्याखाली दुपार वाईट, स्लॅबखाली रात्र वाईट. मग या दोघांना एकत्र केलं तर? त्यावर येतोच.

आता तिसरी गोष्ट, गिळलेलं टाकायचं कुठे. देशावरचे वाडे जाड दगडमातीचे आणि तिथे ते चालतात, का, तर मे महिन्यात सोलापूरला दुपारी चाळीस असतं आणि रात्री पंचविसापर्यंत येतं. रोज पंधरा डिग्रीचा उतार मिळतो, हवा कोरडी, आकाश निरभ्र, भिंत रात्री पूर्ण रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी परत गिळायला तयार. आपल्याकडे रत्नागिरी-देवगडला दुपारी ३२-३३ आणि रात्री २५-२६, सात डिग्रीचा खेळ, वर दमट हवा, आकाशाकडे उष्णता जायलाही बाष्पाची आडकाठी. भिंत रात्रीत रिकामीच होत नाही. उरलेलं दुसऱ्या दिवसात जमा.

आणि हे आपल्याकडे असं का, तर समोर पाणी आहे म्हणून. समुद्राचा वरचा दहा मीटरचा थर लाटांनी ढवळलेला असतो, त्याच्या एका चौरस मीटरखाली दहा टन पाणी, एका डिग्रीला चाळीस हजार किलोज्यूल. एप्रिलचं दिवसभराचं ऊन चौरस मीटरला साधारण सहा युनिट, म्हणजे एकवीस-बावीस हजार. सगळंच्या सगळं शोषलं तरी पाणी अर्धा डिग्री चढेल, आणि त्यातलंही खूपसं बाष्पीभवनात जातं. जमिनीचं उलट, तिथे एका दिवसाचं ऊन वरच्या अर्ध्या वितीतच अडकतं. शाळेत खाऱ्या वाऱ्यांचं कारण नुसतं पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असं सांगतात, ते बरोबर आहे पण अपुरं आहे, पाणी ढवळलं जातं आणि त्यात प्रकाश खोल जातो हा वाटा त्याहून मोठा आहे.

आता गवंड्याच्या आज्याच्या घराकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. ते घर दुपारी थंड असतं हे मी पण शपथेवर सांगेन. पण तिथे चिऱ्याची भिंत उन्हात कुठे होती? चारही बाजूंनी पडवी नाहीतर ओटी, कौलांची पागोळी माणसाच्या उंचीपर्यंत खाली आलेली, माजघराच्या भिंतीला वर्षभरात ऊन लागत नाही. वर माळा, त्यावर कौलं, म्हणजे छताची गरम हवा माळ्यावरच राहून फटीतून बाहेर. खाली सारवलेली जमीन. अशा सावलीतल्या भिंतीला फक्त हवा लागते, मग ती दिवस-रात्रीच्या सरासरीला, २९ च्या आसपास, बसून राहते. बाहेर ३३ असताना आत २९ ची भिंत म्हणजे थंडावाच. आणि रात्रीही ती २९ च्या वर जात नाही कारण तिने ऊन खाल्लेलंच नाही. एवढं असूनही मे महिन्यात माणसं खळ्यात नाहीतर पडवीत झोपायचीच.

हल्ली काय होतं, तोच चिरा घेतो, पडवी काढून टाकतो कारण कार्पेट एरिया वाया जातो, छज्जा दीड फुटाचा, भिंत बाहेरून उघडी ठेवतो कारण चिरेबंदी लुक पाहिजे, वर स्लॅब. मग तीच भिंत उन्हात चार तास भाजते आणि लोक म्हणतात चिरा गरम पडतो. चिरा तोच आहे हो. त्याच्या अंगावरचं छप्पर काढलंत.

तेव्हा माझं मत विचाराल तर भिंती चिऱ्याच्याच ठेवा. जवळ खाण आहे, गवंड्यांचा हात बसलेला आहे, पावसाळ्याला टिकतो. एएसी ब्लॉकची बाजू पण सांगतो, कारण तो फालतू माल नाही. त्याची वाहकता ०.१६ ते ०.२, काँक्रीटची दीडच्या आसपास, म्हणजे ऊन आत यायलाच तो खूप जास्त विरोध करतो आणि साठवतोही कमी. पण तो पाणी पितो, आणि आपल्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात बाहेरचा गिलावा एके ठिकाणी तडकला तरी भिंत ओली राहते, आणि ओली झाली की वाहकता वाढते, मग ज्याच्यासाठी घातला तो फायदाच जातो. चिराही सच्छिद्र आहे, पण भिजून सुकणं हा त्याचा जन्मापासूनचा धंदा आहे.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःहून ब्लॉक सुचवतो. तुमची एखादी बेडरूम फक्त रात्री वापरायची आणि तिथे एसी लावायचाच आहे, तर तिथे हलक्या भिंती बऱ्या. का ते बघा. दहा बाय दहा बाय दहाच्या खोलीत हवा असते चौतीस किलो. ती आठ डिग्रीने गार करायला पावणेतीनशे किलोज्यूलसुद्धा लागत नाहीत, दीड टनाचा एसी सेकंदाला सव्वापाच किलोज्यूल ओढतो, म्हणजे मिनिटभराचं काम. मग तासभर का लागतो? हवेतलं बाष्प पाणी करून काढावं लागतं हे एक, पण मुख्य म्हणजे भिंती. चारही भिंतींचा आतला नुसता दोन इंचाचा थर धरलात तरी चिऱ्यात हवेच्या नव्वदपट साठवण आहे, ब्लॉकमध्ये तीसेक पट. एसी हवा नाही गार करत, चिरे गार करत बसतो. दिवसभर माणसं वावरतात त्या खोल्या जड असाव्यात, फक्त रात्री वापरायच्या त्या हलक्या, हा ढोबळ नियम आपल्या हवेला चांगला लागू पडतो.

छपराला पैसे घाला, तिथे सगळ्यात जास्त मिळतं. बजेट आणि सुतार दोन्ही असेल तर वरचा मजला कौलारू करा, आतून लाकडी सिलिंग, मध्ये हवा जायला जागा. मला माहितीय लोक कौलं का सोडतात, माकडं. एका कळपाने सकाळी दहा मिनिटं धुडगूस घातला की वीस-पंचवीस कौलं फुटतात, आणि दर वर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही. त्यामुळे स्लॅब घातलात तर मी नाव ठेवणार नाही, पण त्यावर पत्र्याची शेड कराच. गळतीसाठी म्हणून लोक ती करतातच, ती उन्हासाठी पण करायची असते एवढं ध्यानात घ्या. शेड स्लॅबपासून निदान माणूस वाकून जाईल एवढी उंच, बाजू उघड्या, खाऱ्या वाऱ्याच्या दिशेने तोंड मोकळं. पत्रा तापला तरी त्याची उष्णता वाऱ्याबरोबर जाते, स्लॅबवर ऊनच पडत नाही, आणि पत्र्यात साठवण नसल्याने सूर्य बुडाला की तो विषय संपला. वर विचारलं होतं ना दोघांना एकत्र केलं तर, ते हे. मात्र लोक शेडच्या बाजू पत्रे ठोकून बंद करतात आणि आत सामान भरतात, मग ती भट्टी होते. पत्र्याला आणि तो धरणाऱ्या हुकांना गंजरोधक माल वापरा, समुद्र जवळ आहे, खारी हवा दोन-तीन वर्षांत हलका पत्रा खाते.

शेड लगेच जमत नसेल तर स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात द्या, दर वर्षी द्यावा लागेल पण स्वस्त आणि गुणकारी. थर्मोकोल, इन्सुलेशन वगैरे घालायचंच असेल तर स्लॅबच्या वरून घाला, खालून नको. खालून घातलं तर स्लॅब तापतोच, फक्त तुमच्यापासून लपतो, आणि इन्सुलेशन संपतं त्या कडांमधून, बीममधून उष्णता येत राहते, स्लॅब रोज जास्त फुगतो-आकसतो ते वेगळंच.

संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारण्याबद्दल. पाणी नुसतं ओतून वाहून गेलं तर एक लिटर दहा डिग्री तापून जाताना फक्त ४२ किलोज्यूल नेतं. तेच एक लिटर तिथेच वाळलं तर २४०० च्या वर नेतं. साठ पटीच्या आसपास फरक. म्हणजे वर काढलेले स्लॅबचे २४,५०० किलोज्यूल काढायला दहा-अकरा लिटर पाणी पुरतं, पण ते वाळलं पाहिजे. पाइप सोडून तळं करू नका, झारीने किंवा पंपाने पातळ शिंपडा, ऊन उतरल्यावर पण वारा असताना, साडेपाच-सहाला, वाळलं की परत शिंपडा. रात्री नऊला वारा पडल्यावर मारलंत तर दमट हवेत ते वाळत नाही आणि खोलीला नुसती वाफ लागते. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं ते तुम्हाला ठाऊक, त्यामुळे हे दहा लिटरचं गणित घरातल्यांना सांगून ठेवा.

जड बांधकामाची एक कटकट कोणी आधी सांगत नाही ती सांगतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा एकदम दमट होते तेव्हा तळमजल्याची लादी अजून खालच्या जमिनीमुळे गार असते, आणि दारं-खिडक्या उघड्या टाकल्या की लादीला घाम फुटतो. लोक म्हणतात जमिनीतून पाणी वर येतंय आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. आधी एक प्लॅस्टिकचा तुकडा लादीवर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. वरून ओला झाला तर हवेचं पाणी, खालून ओला झाला तर जमिनीचं. हवेचं असेल तर चार-आठ दिवसांत लादी हवेच्या तापमानाला आली की आपोआप थांबतं.

तुमच्या प्लॅनवर यायचं तर, पश्चिमेला आत्ता मास्टर बेडरूम दाखवली आहे समुद्राच्या बाजूचा व्ह्यू म्हणून. व्ह्यू हवाच असेल तर तिच्या पुढे सहा-सात फुटांची पडवी काढा, कौलारू, पागोळी चांगली खाली आणून. बसून समुद्र दिसेल, उभं राहून थोडा कमी दिसेल, तेवढं चालवून घ्या. ते नको असेल तर बेडरूम उत्तर-पूर्वेला न्या आणि पश्चिमेला बाथरूम, जिना, स्टोअर असल्या खोल्या टाका, म्हणजे ती भिंत कितीही तापली तरी तिथे कोणी झोपत नाही. खिडक्या समोरासमोर ठेवा आणि स्लॅबच्या लगत एक-दोन झरोके द्या, छताखालची गरम हवा जायला दुसरी वाट नसते. आणि पडवी करायची ठरलीत तर तिचे खांब जोत्याच्या कामातच घ्यायला सांगा, गवंडी म्हणेल नंतर जोडू, ऐकू नका. नंतर जोडलेली पडवी भिंतीशी एकजीव होत नाही, सांध्यातून पहिल्याच पावसाळ्यात पाणी मारतं आणि मग तिथे शेवटी पत्रा येतो.